प्रकल्प नोंदी : रॉकेट वाहून नेणारा क्रॉलर, १:१०० मॉडेल (ऑर्लँडो)

१७ ऑगस्ट २०२२, बुधवार

काल रात्री दहाच्या सुमाराला नासाच्या आर्टेमिस १ या चंद्रमोहिमेचं रॉकेट व्हीएबीतून, म्हणजे ते जोडतात त्या उंच इमारतीतून, बाहेर पडलं आणि आज सकाळी साडेसातला उड्डाणाच्या पॅड ३९बी वर पोचलं, मी मधे दोन तास झोपलो तेवढंच, बाकी सगळा वेळ लाइव्ह लावून बसलो होतो. अंतर फक्त ६.८ किलोमीटर, माणूस चालत गेला तर दीड तासात पोचेल. पण ९८ मीटर उंच एसएलएस रॉकेट, ते ज्यावर उभं असतं त्या लाँचरचा शेजारचा टॉवर आणि हे सगळं डोक्यावर घेऊन चालणारा क्रॉलर, एवढं लचांड घेऊन घाई कोण करणार.

आज प्रकल्प ठरवला. रॉकेटची किट बाजारात मिळतात, आणून चिकटवली की झालं. मला खालचं मशीन करायचंय. १९६५ सालचं आहे, अपोलोसाठी असे दोन बनवले होते, शटलही त्यांनीच वाहिली आणि आता त्यातलंच एक हे नवीन रॉकेट नेतंय. नुसत्या क्रॉलरचं वजन ३००० टनांच्या आसपास. स्केल १:१००, म्हणजे रॉकेट ९८ सेंटीमीटर, क्रॉलर ४० बाय ३५, आणि तो स्वतः चालला पाहिजे, उतारावर वरचं सगळं सरळ धरून.

बाबांना सांगलीला व्हिडिओ कॉल केला. साखर कारखान्यात फिटर होते ते, आता रिटायर. फोटो बघून म्हणाले, "अरे हे तर पोकलेन आहे." आणि खरंच की, हे बनवलं मॅरियन पॉवर शॉव्हेल या कंपनीने, खाणीत वापरायची अवाढव्य खोदाई मशीन बनवणारी कंपनी ती. बाबांनी नुसती चेन बघून ओळखलं.

२१ ऑगस्ट, रविवार

चेनच्या प्लेटा छापायला सुरुवात. क्रॉलरच्या चार कोपऱ्यांना चार ट्रक (चाकांच्या जागी असलेले चेनचे गाडे), प्रत्येकाला दोन पट्टे, एका पट्ट्यात ५७ प्लेटा, एकूण ४५६. खऱ्या क्रॉलरची एकेक प्लेट ९०० किलोच्या वर आहे. माझी जेमतेम अडीच सेंटीमीटरची. प्रिंटरवर एका वेळी २४ बसतात, म्हणजे १९ वेळा छापायचं, एकेका खेपेला तीन तास.

पहिली खेप पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये काढली आणि गॅरेजमध्ये ठेवली. दुपारच्या उन्हात गॅरेजचा पत्र्याचा दरवाजा तापतो, त्याला लागून ठेवलेल्या प्लेटा संध्याकाळपर्यंत पापडासारख्या वळल्या. आता पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक वापरतोय, ते उष्णतेला जास्त टिकतं.

२९ ऑगस्ट, सोमवार

उड्डाण रद्द. सकाळी ८:३३ ची वेळ होती. पहाटे विजांमुळे इंधन भरायलाच पाऊण-एक तास उशीर झाला, मग तिसऱ्या इंजिनाचं तापमान हवं तेवढं खाली उतरलेलं दिसेना, तेवढ्यात वेळ संपली. आधी अतिथंड करून घेतल्याशिवाय ते इंजिन चालू करता येत नाही.

विजांबद्दल लिहून ठेवतो कारण ते मॉडेलमध्ये पण आणायचंय. पॅडच्या भोवती जवळपास १८० मीटर उंचीचे तीन टॉवर आहेत, वर तारा ताणलेल्या, वीज पडायची तर त्यांच्यावर पडावी म्हणून. एप्रिलमध्ये रॉकेट चाचणीला उभं होतं तेव्हा एका दिवसात चार विजा त्या टॉवरनी झेलल्या. फ्लोरिडातला उन्हाळा म्हणजे दुपार झाली की ढग आणि कडकडाट, आपल्याकडच्या वळवासारखा, फरक एवढाच की इथे तो अख्खा सीझन रोज येतो. टॉवर बांबूच्या काड्यांचे करीन, १८० सेंटीमीटर म्हणजे माझ्यापेक्षा उंच होतील.

३ सप्टेंबर, शनिवार

आज गौरी यायच्या होत्या आणि आजच दुपारी २:१७ ला दुसरा प्रयत्न. बायकोने काल रात्रीच सगळी मांडामांड करून ठेवली, पहाटे पाचला निघालो, टायटसव्हिलला नदीकाठी जागा मिळवली, उडालं की लगेच परत फिरून संध्याकाळी गौरी आणायच्या असं ठरलं होतं. लाँग वीकेंडची गर्दी एवढी की पुलाच्या कठड्याला माणसाला माणूस लागलेलं.

सव्वाअकराच्या सुमाराला रद्द. हायड्रोजनची गळती. रॉकेटच्या बुडाशी जिथे इंधनाची ८ इंची लाइन येऊन जोडली जाते तिथेच. उणे २५३ अंशाचा द्रव हायड्रोजन, सगळ्यात लहान रेणू, फटीतून निसटतोच. तीनदा प्रयत्न केला त्यांनी सील बसवायचा, नाही बसलं.

लेक परतीच्या वाटेवर गप्प होती. मला म्हणाली, आता ते रॉकेट परत घरात नेतील का? मी म्हटलं बहुतेक नाही, पॅडवरच दुरुस्त करतील. गौरी सात वाजता आल्या. मुखवटे लावताना तिचा मूड जरा सुधारला.

१७ सप्टेंबर, शनिवार

गेले दोन आठवडे लेव्हलिंगवर अडकलो होतो, आज सुटलं, सविस्तर लिहितो.

व्हीएबीपासून पॅडपर्यंतचा रस्ता जवळजवळ सपाट आहे, पण पॅड उंचावर आहे आणि शेवटी ५ टक्के चढ लागतो. क्रॉलर चढाला लागला की नाक वर होतं, म्हणून मागची बाजू जॅकने उचलून वरचा प्लॅटफॉर्म आडवा ठेवायचा. अचूकता किती, तर रॉकेटचं टोक बास्केटबॉलच्या व्यासाएवढ्या जागेच्या बाहेर हलता कामा नये. शंभर मीटर वरचं टोक! माझ्या स्केलला ते होतात अडीच मिलिमीटर. माझ्या पुढच्या-मागच्या ट्रकमध्ये २७ सेंटीमीटर अंतर आहे, म्हणजे चढावर मागचे जॅक साधारण १३ ते १४ मिलिमीटर उचलायला हवेत.

चार छोटे मोटारवाले जॅक, मधे कल मोजणारा जायरो सेन्सर, आणि हे सगळं चालवायला अर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड. कोड चालत होता, सेन्सर शून्य दाखवत होता, पण डोळ्याला टॉवर झुकलेला दिसायचा. सेन्सर बदलला, मोटारींची थरथर येते म्हणून फिल्टर टाकला, वेग कमी केला (खरा क्रॉलर ताशी सव्वा किलोमीटरच्या आसपास जातो, माझ्या स्केलला सेकंदाला साडेतीन मिलिमीटर, तेवढाच ठेवलाय), तरी तेच. शेवटी बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "सेन्सर राहू दे बाजूला, आधी ओळंबा लाव."

टॉवरच्या टोकाला दोरा बांधला, खाली नट लटकवला. दोरा टॉवरला अगदी समांतर! म्हणजे टॉवर सरळच उभा होता आणि मला तिरका दिसत होता कारण मी त्याची तुलना मागच्या शेल्फशी करत होतो, आणि शेल्फ गॅरेजच्या फरशीवर उभं आहे, आणि फरशीला दरवाजाकडे उतार आहे. इथल्या गॅरेजना पाणी बाहेर जावं म्हणून उतार ठेवतात. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल बघतो तशी बघितली, तीन मीटरला सव्वाचार सेंटीमीटर उतार निघाला. दोन आठवडे सेन्सर बरोबर सांगत होता.

आता फळीच्या खाली पाचर मारून रस्ता आडवा केला. पुढच्या २ मीटरच्या फळीला एका टोकाला १० सेंटीमीटर उचललं, हा ५ टक्के चढ. रॉकेटच्या जागी तेवढ्या वजनाची वाळू भरलेली नळी लावली. ९ मिनिटांत क्रॉलर वर. ओळंबा जास्तीत जास्त दोन मिलिमीटर हलला. बाबांनी तिकडून टाळी वाजवली.

२४ सप्टेंबर, शनिवार

२१ तारखेची इंधन भरायची चाचणी नीट पार पडली, गळती आटोक्यात, २७ ला तिसरा प्रयत्न ठरला होता. आणि कॅरिबियनमध्ये नवव्या नंबरचं डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचा पट्टा, ज्याचं पुढे वादळ होतं, तयार झालं, काल रात्री त्याला नाव मिळालं, इयान. आज नासाने २७ सोडून दिलं. पण रॉकेट परत न्यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

ऑफिसात, मंडळाच्या ग्रुपवर, सगळीकडे एकच प्रश्न, एवढं काय, उचला आणि आत ठेवा ना. मला हा प्रश्न ऐकला की तळमळ होते कारण गेला महिनाभर मी त्याच यंत्रात डोकं घालून बसलोय. उचलून ठेवायला ती खुर्ची नाहीये. आधी लाँचरच्या सगळ्या लाइनी सोडवायच्या, क्रॉलर लाँचरच्या खाली सरकवायचा, आणि मग आठ ते अकरा तासांचा प्रवास. त्या पूर्ण प्रवासात सलग वारा ४० नॉटच्या, म्हणजे ताशी ७४ किलोमीटरच्या खाली हवा. २० नॉटिकल मैलांत वीज पडायची शक्यता १० टक्क्यांच्या वर नको, गारांची शक्यताही जवळपास नको. पॅडवर नुसतं उभं असेल तर तेच रॉकेट ताशी १३७ किलोमीटरचे झोत सोसू शकतं. म्हणजे निघायचं तर वादळ यायच्या दोन दिवस आधी निघायचं, आणि दोन दिवस आधी वादळ कुठे जाणार हे नक्की माहीत नसतं.

गारांचं म्हणाल तर फेब्रुवारी २००७ मध्ये अटलांटिस शटल पॅडवर उभं असताना गारा पडल्या, बाहेरच्या टाकीच्या फोमला हजारो खड्डे पडले, परत आत न्यावं लागलं, मार्चचं उड्डाण जूनमध्ये गेलं. आणि त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २००६ मध्ये, अर्नेस्टो वादळ येतंय म्हणून अटलांटिसला याच ३९बी वरून आत न्यायला काढलं, अर्ध्या वाटेत असताना अंदाज बदलला, आणि तिथूनच वळवून पुन्हा पॅडवर आणलं. ज्यांनी तो निर्णय भर रस्त्यात घेतला त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

शिवाय परत नेणं फुकट नसतं. प्रत्येक फेरीत एवढ्या उंच वस्तूला हादरे बसतात, आणि आत नेलं की पुढची तारीख आठवड्यांनी लांबते. उलट बाजूला, रॉकेट भरकटलं तर ते हवेतच नष्ट करायची जी यंत्रणा असते तिच्या बॅटरीची मुदत मूळ २० दिवसांची, ती वाढवून घेतलेली होती, आणि ती तपासायला आतच न्यावं लागतं.

२६ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. सकाळी घट बसवले, आणि थोड्या वेळाने बातमी आली, रॉकेट परत नेतायत.

रात्री ११:२१ ला हललं. लेकीला उद्या शाळा नाही, वादळाची सुट्टी, म्हणून जागू दिलं. स्क्रीनवर बराच वेळ काहीच हलत नाही असं वाटतं. मग मागच्या दिव्याच्या खांबाशी टॉवरची कड जुळवून बघितली की कळतं, सरकतंय. ती अर्धा तास तशीच खांबाकडे बघत बसली.

२७ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी सव्वानऊला आत गेलं. हुश्श.

आता आमची पाळी. इयान ऑर्लँडोवरून जाणार असं दिसतंय आणि गॅरेजचा दरवाजा हीच घरातली सगळ्यात कमजोर बाजू. शेजारचे काका म्हणाले, इतकी वर्षं राहतोय, गॅरेजमध्ये पाणी कधी आलं नाही. मी तरी ठरवलं, मॉडेल आत न्यायचं, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी न्यायचं.

रॉकेट काढून वेगळं न्यावं असं माझ्या मनात होतं. लेक म्हणाली नाही, खरं उभं गेलं तर हेही उभंच जाणार. मग चाकांची फळी घेतली, त्यावर जुनी गोधडी, त्यावर क्रॉलर, वर लाँचर आणि रॉकेट, सगळं मिळून १४ किलो. गॅरेज आणि घराच्या मधे एक पायरी आहे, तिथे दोन फळ्या टाकून उतार केला. मी खालून ढकलत होतो, बायको टॉवर धरून, आणि लेक ओळंब्याकडे बघून ओरडत होती, "बाबा, डावीकडे जातोय, थांबा!" बारा मीटर जायला चाळीस मिनिटं लागली. आतल्या खोलीच्या कपाटात, खिडकी नसलेल्या जागी ठेवलं.

२९ सप्टेंबर, गुरुवार

काल दुपारी तीनला इयान पश्चिम किनाऱ्यावर कायो कोस्टा बेटावर आदळलं, ताशी २४० किलोमीटर वारे, कॅटेगरी ४. रात्रभर आमच्यावर पाऊस. पहाटे गॅरेजमध्ये पाणी, दरवाजाच्या बाजूला वीतभर. उतारामुळे आतल्या भिंतीपाशी जेमतेम बोटभर होतं, पायरी कोरडी. प्रिंटर टेबलावर होता म्हणून वाचला. कामाची फळी फुगली, ती गेली. प्लायवूडचा पॅड खालून भिजला.

आमचं एवढ्यावर निभावलं. फोर्ट मायर्सची दृश्यं बघवत नाहीत, घरंच्या घरं वाहून गेली. आमच्या इथेही तळ्याकाठच्या घरांतून लोकांना बोटीने काढतायत. दुपारी वादळ केप कॅनाव्हरलच्या बाजूने समुद्रात उतरलं. रॉकेट आत सुखरूप.

१२ ऑक्टोबर, बुधवार

नवीन तारीख, १४ नोव्हेंबर, मध्यरात्रीनंतर ७ मिनिटांनी. आत आहे तोवर बॅटऱ्या बदलणं आणि फोमची डागडुजी चालू आहे. मी पॅड नव्याने कापला.

२४ ऑक्टोबर, सोमवार

लक्ष्मीपूजन. फराळ झाल्यावर तासभर रस्त्याचं काम केलं. खरा क्रॉलरवे सुमारे ४० मीटर रुंद, दोन पट्टे आणि मधे गवत, आणि वरच्या थराला नदीतले गोल गोटे टाकलेत. गोल का, तर एवढ्या वजनाखाली डांबर टिकणार नाही, आणि गोटे एकमेकांवर सरकून चेनला वळायला जागा देतात, ठिणग्याही कमी उडतात. क्रॉलर गेला की खालचे गोटे चुरा झालेले असतात. मी मत्स्यालयातली बारीक वाळू पसरली, चेन त्यात रुतून अडकली. मग मोहरीच्या दाण्याएवढे गोल खडे चाळून घेतले, त्यावर छान वळतोय.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल रात्री ११:१७ ला निघालं, आज सकाळी साडेआठला पॅडवर. कार्तिकी एकादशी. आईने पंढरपूरच्या गर्दीचा फोटो पाठवला, मी तिला पॅडवरच्या रॉकेटचा पाठवला. तिने उत्तर पाठवलं, "पोचलं ना एकदाचं. आता पाऊस नको रे बाबा."

८ नोव्हेंबर, मंगळवार

नोव्हेंबरमध्ये वादळ! निकोल. काल तयार झालं आणि थेट पूर्व किनाऱ्याकडे येतंय. नासाने सांगितलं, रॉकेट पॅडवरच राहणार, उड्डाण १४ ऐवजी १६ ला.

ग्रुपवर आता उलटा सूर, सप्टेंबरला आत नेलं मग आता का नाही, हलगर्जीपणा आहे वगैरे. मी लांबलचक उत्तर लिहिलं, इथेही ठेवतो. इयान चार दिवस आधीपासून दिसत होतं. निकोलचा अंदाज पक्का व्हायला लागला तेव्हा वारे आधीच वाढत होते. लाइनी सोडवायला वेळ, मग दहा तास रस्त्यावर, म्हणजे नेमका वारा चढताना ते १०० मीटरचं शीड घेऊन उघड्यावर चाललेले असणार, आणि चालताना मर्यादा ७४ ची, उभं असताना १३७ ची. पॅडवर लाँचर खाली खांबांना घट्ट धरलेला असतो. मी त्या खोलीत असतो तर मीही राहू द्या म्हटलं असतं. पण छातीत धडधड आहे, हेही खरं. त्यांच्या तर किती असेल.

१० नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे तीनला निकोल व्हेरो बीचच्या जरा दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, कॅटेगरी १. म्हणजे केप त्याच्या उत्तरेला, वादळाच्या जोरकस अंगाला.

पॅडवर ६० फुटांच्या उंचीवर ताशी १३२ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. मर्यादा १३७, तीही याच उंचीवरची. वर टॉवरवर तर १६० च्या आसपास. हा आकडा वाचून मी ओट्याला टेकून उभा राहिलो. पाच किलोमीटरचं अंतर राहिलं होतं मर्यादेला.

नुकसान किरकोळ आहे असं म्हणतायत. रॉकेटच्या टोकावर बसवलेल्या ओरायन या यानाला हवेचा प्रवाह नीट जावा म्हणून सांध्यावर लावलेली रबरासारखी लुकणाची पट्टी सुमारे तीन मीटर उचकटली. ती आता पॅडवर दुरुस्त करता येत नाही, तिथवर हात पोचत नाही. तशीच उडू द्यायची का यावर बैठका चालू आहेत.

१६ नोव्हेंबर, बुधवार

उडालं!

काल रात्री आठला टायटसव्हिल. थंडी होती, लेकीला गाडीत पांघरूण घालून झोपवलं. रात्री हायड्रोजनची पुन्हा गळती, या वेळी लाँचरच्या आतल्या एका व्हॉल्व्हला, आणि तिघा जणांची टीम इंधन भरलेल्या रॉकेटच्या पायाशी जाऊन नट आवळून आली. मी फोनवर हे ऐकत होतो आणि बाबांना मेसेज टाकला. तिकडे सकाळ होती. ते म्हणाले, "शेवटी फिटरच लागला."

मग रडारच्या नेटवर्कचा एक स्विच बिघडला, तो बदलला. १:०४ ची वेळ होती, ती गेली. १:४७ ला नदीपलीकडे आधी नारिंगी उजेड पसरला, पाण्यावर रस्ता आखल्यासारखी रेघ आली, आणि रॉकेट टॉवरच्या वर. आवाज काहीच नाही. ढगांच्या कडा उजळल्या, लेक माझ्या खांद्यावर, सगळा पूल शांत. मिनिटभराने आवाज आला, आधी पायात, मग छातीत, मग गाड्यांच्या काचा वाजायला लागल्या. जवळपास ४० लाख किलोचा रेटा. बायको रडत होती, मीही.

२७ नोव्हेंबर, रविवार

मॉडेल पूर्ण. क्रॉलर पूर्ण रस्ता आणि चढ मिळून ३१ मिनिटांत चालला, दोनदा, ओळंबा दोन मिलिमीटरच्या आत. राहिलेलं काम म्हणजे उजव्या मागच्या ट्रकची एक पिन सैल आहे, आणि विजेच्या तीन टॉवरमधल्या तारा अजून ताणायच्यात.

उड्डाणाच्या झोताने खऱ्या लाँचरच्या लिफ्टचे दरवाजे उडाले. लेकीने बातमीतला फोटो बघितला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. मॉडेलवरचे लिफ्टचे दरवाजे मी ऑक्टोबरात चार संध्याकाळी बसून लावले होते, पत्र्याचे, एकेक नखाएवढा. आज दोघांनी मिळून ते काढले आणि एका डबीत ठेवलेत.